नॉर्ब दाराशी काय म्हणाला

६ जानेवारी

प्रिय गिब,

नाताळचं कार्ड मिळालं का, असं विचारत नाही. तुझ्या पॅमने फोनवर माझ्या लेकीला, रेनीला सांगितलं की मिळालं, आणि तू ते फ्रिजवर लावलंस. केराच्या डब्यात न जाता फ्रिजवर गेलं, एवढं मला पुरे आहे. तुझ्या मुलीकडे ॲरिझोनात थंडी पडत नाही म्हणतात. मग तुम्ही लोक जानेवारीत एकमेकांशी बोलता तरी कशाबद्दल?

पत्राचं कारण वेगळं आहे. तुझा दोस्त लॅव्हर्न काल कुंपणाशी आला. बर्फ काढायला आलोय म्हणाला, पण फावडं नुसतंच टेकवून उभं केलं होतं.

"मार्सेला, यंदा सुपर बोलच्या सामन्याला तुझ्याकडे यायचं, की गावाने चर्चच्या तळघरात बसून बघायचं?"

मी म्हटलं, "आपली टीम तर कधीच गळाली."

"टीम गळाली, माझं पोट नाही गळालं."

मी विचार करून सांगते म्हणाले. तर म्हणतो कसा, "विचार करू नकोस. बायकांनी विचार केला की सॅलड होतं. आम्हाला हंडाभर बूयाचा रस्सा हवाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने फावडं उचललं आणि इतका वेळ बर्फ काढला की शेवटी मलाच त्याला हाक मारून कॉफी द्यावी लागली. दोन कप प्यायला. जाताना म्हणाला, "तुझा नॉर्ब असता तर त्याने पार्टी रद्द केली नसती. मी मेलो असतो तरी केली नसती." ते मात्र खरं आहे.

तर करायची असं ठरवलंय. आलुबुखाऱ्याच्या पायाही असतील. पाया म्हणाले म्हणून हसू नकोस, मी आता पाई म्हणायला शिकते आहे, नातवंडं हसतात. त्या मी करणार, वर चीजचा थर देऊन, माझ्या सासूने शिकवल्या तशा. रेनी भरलेली अंडी आणेल. लॅव्हर्नची बायको बटाट्याचं सॅलड आणेल, ते आपण सगळे थोडं थोडं घेऊ आणि कुत्र्याला देऊ. सॉसेज बिअरमध्ये उकडून ठेवता येतील.

अडचण बूयाची आहे. चाळीसच्या वर वर्षं मी त्यासाठी गाजरं, कांदे आणि कोबी चिरून दिलाय. पण हंडा अंगणात, चूल अंगणात, आणि तुम्ही दोघे भाऊ हंड्याभोवती दोन पाद्र्यांसारखे उभे. बायकांनी परातीत चिरलेलं आणून द्यायचं आणि आत जायचं. काय कधी घालायचं ते तुम्ही कुजबुजून ठरवायचात. मी नॉर्बला एकदा विचारलं, तर म्हणाला, "गिबला माहीत आहे." तुला विचारलं तर तू म्हणाला होतास, "नॉर्बला विचार."

आता नॉर्बला विचारता येत नाही. म्हणून तुला विचारते. बैलाच्या शेपटीची हाडं आधी की कोंबड्या आधी? कोबी कधी? मागच्या वर्षीचं दुसरं काहीही मी काढणार नाही. फक्त हे सांग.

मार्सेला


१६ जानेवारी

प्रिय गिब,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र बघून पोस्टमन म्हणाला, कुणीतरी मजेत आहे.

हाडं आधी, पहाटेच. मग कोंबड्या. कोबी सगळ्यात शेवटी. ढवळायचं वल्हं एकदा हातात घेतलं की जेवण वाढेपर्यंत कुणाच्या तरी हातात राहिलंच पाहिजे, खाली लागलं की सगळा हंडा गेला. हे मी आता भिंतीवर लिहून लावलंय. इतकं सोपं होतं तर दोघे कुजबुजत काय होतात?

आणि त्याखाली बारीक अक्षरात जे विचारलंस ते मी वाचलं. "तो दाराशी काय म्हणाला? तू स्वयंपाकघरात होतीस. मला काचेतून नुसते ओठ हलताना दिसले."

तू स्मशानातून परस्पर निघून गेलास, जेवायलाही थांबला नाहीस. मग घराला कुलूप लावून पॅमकडे गेलास. इतके महिने फोन उचलला नाहीस. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलास. तू हा प्रश्न घेऊन बसला होतास, हे मला निवडुंगाच्या पाठीमागे कळलं.

म्हणून नॉर्ब गेला तो दिवस एकदा लिहूनच काढते.

आपली टीम खेळत होती. नॉर्ब अंगणात हंड्यापाशी होता आणि आपलं पहिलं टचडाउन झालं. तो बघायला धावत आत आला आणि पुढच्याच खेळीला आपल्या पोरांनी चेंडू घालवला. तो ढवळायला बाहेर गेला आणि दुसरं टचडाउन झालं. मग काय, सगळं घर ओरडायला लागलं. लॅव्हर्न म्हणाला, "अरे, हाच तो पनवती!" तू म्हणालास, "नॉर्ब, पांढऱ्या पायाच्या, आत येशील तर तंगडं मोडीन!" तो हसत होता. मी स्वतः पाहिलंय. आणि त्यात नवीन काय होतं? एका वर्षी तुझी पाळी आली होती, तेव्हा तू सामन्याचा अख्खा उत्तरार्ध गॅरेजमध्ये रेडिओ कानाला लावून काढलास, आणि नॉर्बने तुला खिडकीतून पाई दिली. आपल्याकडे दर घरात कुणीतरी असा बाहेर काढलेला असतोच. त्याला मान असतो. दुसऱ्या दिवशी चीज कारखान्यात सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात, की तू बाहेर राहिलास म्हणून जिंकलो.

मग तो पुन्हा मागच्या दाराशी आला. तू पायाने दार दाबून धरलंस आणि मान वळवून टीव्ही बघत राहिलास. तो काहीतरी म्हणाला. मग वळला आणि परत गेला.

मध्यंतराला लॅव्हर्न वाडगे घेऊन बाहेर गेला, करपल्याचा वास आला म्हणून. नॉर्ब दुधाच्या क्रेटवर बसला होता, वल्हं मांडीवर आडवं. लॅव्हर्नला वाटलं डुलकी लागली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सिंकवरची खिडकी वाफ जायला थोडी उघडी होती. मी तिथेच होते. मला ऐकू आलं. तो म्हणाला, "गिबला सांग, मी इथे मजेत आहे. मी बाहेर उभा राहिल्याने माझी माणसं जिंकणार असतील, तर मी सकाळपर्यंत चांदण्यात उभा राहीन."

असं म्हणाला आणि हसला. तुला ऐकू आलं नाही, कारण आत ओरडा चालला होता.

आता ये. हंडा मी एकटी उचलू शकत नाही.

मार्सेला


२६ जानेवारी

प्रिय गिब,

पॅमने रेनीला कळवलं, तू सामन्याच्या आदल्या शनिवारी येतोस. तुझं पत्रही दुसऱ्याच दिवशी आलं. ते मी टेबलाशी बसून वाचलं, मग उभी राहून वाचलं. तू लिहिलंस की माझं पत्र घडी घालून खिशात ठेवलंस, आणि नॉर्बचं ते वाक्य पॅमला वाचून दाखवलंस, आणि किती तरी महिन्यांनी तुला सलग झोप लागली.

बरं वाटलं. झोप लागली हे वाचून फार बरं वाटलं.

इकडे गावभर झालंय. लॅव्हर्नने तुझ्या घराचं कुलूप उघडून घर तापवायची भट्टी सुरू केली. म्हणतो, "गिब आला की त्याला पहिली गोष्ट मी विचारणार, निवडुंगाची भाजी करतात का?" त्याची बायको म्हणते, या वर्षी सॅलडमध्ये मोहरी जास्त घालते, गिबला आवडतं. तुला आवडतं असं तू तिला कधी सांगितलंस? माणसाने शिष्टाचारापायी किती वर्षं भोगावं?

हाडं खाटकाला सांगून ठेवली. कोंबड्या जुन्या, अंडी देऊन थकलेल्या, डेक्केरांच्या शेतावरून येतील. कोवळ्या कोंबडीचा बूया म्हणजे आजारी माणसाची पेज, हे नॉर्बचं म्हणणं. हंडा लॅव्हर्नने आणि जावयाने मिळून कोठारातून काढला. तळाशी मागच्या वर्षीचं करपलेलं अजून चिकटलेलं आहे. कुणी घासलाच नव्हता. मी गरम पाणी आणि वाळू घालून घासते आहे. रोज थोडं निघतं.

पायांची चव बघायला रेनी आज आली होती. पाईची. बघ, अजून जीभ वळत नाही. खाता खाता मी तिला तुझं पत्र दाखवलं. तिने वाचलं आणि काटा खाली ठेवला.

"आई, बाबा असं म्हणाले?"

"हो."

"चांदण्यात?"

"हो."

"तेव्हा ऊन होतं. आणि तू तर खाली होतीस ना? मीच तुला पाई आणायला तळघरात पाठवलं होतं. तू वर आलीस तेव्हा लॅव्हर्न ओरडत होता."

मी म्हटलं, खा आता. ती खात राहिली. निघताना तिने मला नुसती मिठी मारली. ती नॉर्बवर गेली आहे. बोलत नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

येताना जाड मोजे आण. इथे पारा उण्यात आहे.

मार्सेला


२९ जानेवारी

प्रिय गिब,

हे पत्र लॅव्हर्न गाडीने शहरातल्या मोठ्या पोस्टात नेऊन टाकणार आहे, तू निघायच्या आत पोचावं म्हणून. त्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मी रडले असते आणि तू मला गप्प करण्यासाठी जे सुचेल ते बोलला असतास.

मी स्वयंपाकघरात नव्हते. खिडकी उघडी होती की नाही तेसुद्धा आठवत नाही. मी तळघरात दुसऱ्या फ्रिजमधून पाई काढत होते. तो दाराशी आला हे मला तुझ्याच तोंडून कळलं, हॉस्पिटलच्या त्या खोलीत, बाहेर लोक मोटारींचे भोंगे वाजवत जिंकल्याचा आनंद करत होते तेव्हा.

तो काय म्हणाला ते मला माहीत नाही.

ते वाक्य मी रचलं. तुला माहीत आहे, आठवीनंतर मी कारखान्यात लागले आणि शाळेची भूक वाचनालयावर भागवली. एवढी जाड पुस्तकं वाचली, त्याचा उपयोग शेवटी हा केला. पुस्तकांत माणसं मरायच्या आधी नीट, पूर्ण वाक्यं बोलतात. मीही त्याला एक पूर्ण वाक्य दिलं. गिब, तू त्याच्याबरोबर एका खाटेवर झोपत वाढलास. तो कधी चांदणं म्हणाला होता का? लग्नाला मागणी घालताना तो मला म्हणाला होता, "मग, काय?" तुला कळायला हवं होतं. मला वाटतं तुला कळलंही असेल, आणि तू कळू दिलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. मलाही ते वाक्य लिहिल्यावर दोन दिवस खरं वाटत होतं. मी हंडा घासताना त्याला ते म्हणताना ऐकत होते.

खरं काय असेल? "किती झाले?" असं विचारलं असेल. "हातमोजे दे" म्हणाला असेल. बरं वाटत नाही, बसू दे, असंही म्हणाला असेल. तेही लिहिते, कारण ते तू रोज मनात म्हणतोसच, आणि ते न लिहून मी तुला फसवू शकणार नाही. डॉक्टर म्हणाले की आत येऊन सोफ्यावर बसला असता तरी झालं असतं ते झालंच असतं. ते त्यांनी माझ्यासाठी रचलं की काय, हेही मला माहीत नाही.

मी हे का सांगते? न सांगता चाललं असतं. तू शनिवारी आला असतास, माझ्या टेबलाशी बसला असतास, लोकांना ते वाक्य सांगितलं असतंस, आणि मी तुला पाई वाढताना तुझ्याकडे बघू शकले नसते. नॉर्बच्या जागी एक पुस्तकातला माणूस येऊन बसला असता. मला तो नको. मला दोन शब्द बोलणारा नॉर्ब हवा. आणि तो ज्याला तसाच आठवतो असा तू एकटाच उरला आहेस.

दार तू धरलंस हे खरं आहे. तो तुझी पाळी असताना धरायचा तसंच धरलंस, हेही तितकंच खरं आहे. यातलं एक पुसून दुसरं ठेवायचं, ते माझ्याकडून होत नाही. दोन्ही घेऊन येता आलं तर ये.

नाही आलास तर मी समजून घेईन.

मार्सेला


९ फेब्रुवारी

प्रिय गिब,

शनिवारी लॅव्हर्न तुला आणायला विमानतळावर गेला होता. सगळे उतरून गेले, सामानाचा पट्टा थांबला, तरी उभा होता. परत आला आणि मला म्हणाला, "विमान चुकलं असेल." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग माझ्या घरचं सॅलड त्याला कळलं असेल." मला हसू आलं, मग त्याला रडू आलं. म्हातारा भोपळा.

तरी काल पहाटे चूल पेटवली. हाडं, मग कोंबड्या, तू सांगितलंस तसं. पुरुषांनी वल्हं पाळीपाळीने धरलं. सामना सुरू झाला तसे एकेक जण चुळबुळ करायला लागले, पण आत जायचं नाव कुणी काढेना, आणि बाहेर थांब असं तर कुणी कुणाला म्हणेचना. शेवटी मीच वल्हं घेतलं. म्हटलं, जा, बघा. लॅव्हर्न म्हणाला, "बायकांनी हंड्याला हात लावायचा नसतो." मी म्हटलं, "मग तू थांब." तो गेला.

मागचं दार मी खुर्ची लावून सताड उघडं ठेवलं होतं. रेनी दोनदा ओरडली, "आई, घरातली सगळी ऊब बाहेर चालली आहे!" जाऊ दे म्हटलं.

मध्यंतरानंतर माझ्या कोटाच्या खिशात फोन वाजला. पॅमचा नंबर. मी हॅलो म्हटलं. पलीकडून कुणी बोललं नाही. टीव्ही ऐकू येत होता, तोच सामना. मी फोन कानाशी धरला. एका हाताने ढवळत होते. तुझ्याकडे लोक ओरडले, आणि थोड्या वेळाने आमच्या घरात तोच ओरडा झाला. तुमच्याकडे टीव्ही पुढे आहे, गिब, की आमच्याकडे मागे, कोण जाणे.

मग तू म्हणालास, "कोण ढवळतंय?"

"मी."

"लॅव्हर्न कुठे मेला?"

"खुर्चीत."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मला वाटलं फोन ठेवलास.

"थंडी किती आहे?"

"आहे तेवढी."

"आत जा, मार्सेला."

मी म्हटलं, "खाली लागेल."

"लागू दे."

हे सगळं तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण ते आपण दोघांनी खरंच म्हटलं, आणि मला ते जसंच्या तसं कुठेतरी हवं आहे.

मी वल्हं हंड्याला टेकवून आत आले. कुणी विचारलं नाही. नॉर्बच्या खुर्चीत या वर्षी कुणी बसलं नव्हतं, मी बसले. फोन बंद केला नाही, तूही केला नाहीस, तो मी खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला. बूया तळाशी लागला. वरचा वरचा काढून वाढला, तरी वास होताच. खारी बिस्किटं चुरून सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. लॅव्हर्नने दुसऱ्यांदा घेतला. तुझा वाटा फ्रीझरमध्ये आहे. करपलेला आहे, ते आधीच सांगते.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटची खेळी आधी तुझ्याकडे झाली. फोनमधून ओरडा ऐकू आला, आणि कुणीतरी जिंकलं होतं. कोण, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आमच्या खोलीत सगळे श्वास धरून बसले होते. मीही त्यांच्याबरोबर थांबले.

मार्सेला